समोरच्या काचेवर किती दाखवावे?

विमानातून मोटारीत आलेल्या सोयींपैकी हेड-अप डिस्प्ले, म्हणजे वेगासारखी माहिती चालकाच्या समोरच्या काचेवर दाखवणारी यंत्रणा, ही मला सर्वांत मोहक वाटते आणि म्हणूनच ती जपून वापरावी असेही वाटते. लढाऊ विमानांसाठी विकसित झालेले हे तंत्र जनरल मोटर्सने १९८८ मध्ये ओल्ड्समोबाइल कटलस सुप्रीमच्या मोजक्या गाड्यांत आणले, तेव्हा काचेवर वेग आणि एखाद-दुसरा इशारा एवढेच दिसत असे. आता तेथे वळणाचे बाण, येणारा फोन आणि चालू गाण्याचे नावही दिसू लागले आहे. मात्र काचेवर जागा वाढली म्हणून चालकाचे लक्ष वाढलेले नाही.

या डिस्प्लेचा मूळ फायदा खरा आहे. डॅशबोर्डवरचा वेग वाचायचा तर नजर खाली वळवावी लागतेच, शिवाय दूरवर स्थिरावलेल्या डोळ्याला जवळच्या आकड्यांशी जुळवून घ्यावे लागते. काचेतून परावर्तित होणारी प्रतिमा मात्र साधारण दोन ते अडीच मीटर दूर, बॉनेटच्या वर तरंगल्यासारखी दिसते, त्यामुळे हे जुळवून घेणे बरेच कमी होते. विशीतल्या चालकाला त्याचे फारसे अप्रूप नसेल; चाळिशी लागलेल्याच्या डोळ्यातील भिंग मात्र ताठर झालेले असते आणि त्याला हा फरक लगेच जाणवतो.

परंतु नजर रस्त्याच्या दिशेने असणे आणि रस्ता दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नासाने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिम्युलेटरवरील प्रयोगात, हेड-अप डिस्प्ले पाहत विमान उतरवणाऱ्या काही प्रशिक्षित वैमानिकांना धावपट्टीवर आडवे आलेले दुसरे विमान दिसलेच नाही, कारण त्यांचे लक्ष समोरच्या चिन्हांत गुंतून पडले होते. निष्णात वैमानिकांची ही गत, तर दिवसभराच्या कामाने शिणलेल्या चालकाकडून अधिक सावधपणाची अपेक्षा ठेवणारा आराखडा मला भाबडा वाटतो. त्यामुळे चालकाच्या पुढच्या काही सेकंदांच्या निर्णयाशी ज्या माहितीचा संबंध नाही, तिला काचेवर जागा देऊ नये. गाण्याचे नाव तर नकोच.

चालक सारखे नसतात, हेही आराखड्यात आधीपासून धरावे लागते. प्रतिमा ठरावीक चौकटीतूनच दिसते. डोळे त्या चौकटीबाहेर गेले की आकडे कापले जातात, आणि म्हणून उंच व ठेंगण्या अशा दोन्ही चालकांसाठी ती वरखाली करता आली पाहिजे. काचेवरून परावर्तित होणारा प्रकाश बहुधा आडव्या ध्रुवणाचा असतो, म्हणजे त्याच्या लहरी आडव्या दिशेत कंप पावतात, आणि ध्रुवीकृत गॉगल नेमका तोच अडवतो. परिणामी कडक उन्हात, गॉगल लावल्यावर, डिस्प्ले फिका पडतो किंवा नाहीसा होतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो आणि तोही अधिक विखुरतो, म्हणून त्या चालकाला दिवसा अधिक तेज हवे असते, तर रात्री तेच तेज डोळे दिपवते. तेजाचे नियंत्रण आपोआप होत असले तरी हाताशी एक बटण असावेच. रंगांचेही तसेच आहे. युरोपीय वंशाच्या सुमारे आठ टक्के पुरुषांना तांबडा आणि हिरवा यांतील फरक नीट कळत नाही, तेव्हा इशारा केवळ रंग बदलून देता येत नाही. आकार आणि जागाही बदलावी लागते.

रस्त्यावरच बाण रेखाटल्याचा भास देणारे नवे डिस्प्ले मला सर्वांत जास्त धास्ती देतात. त्यांतील प्रतिमा सुमारे दहा मीटर किंवा त्याहूनही दूर भासते आणि ती प्रत्यक्ष रस्त्याशी तंतोतंत जुळावी लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात पावणेतीन मीटरहून अधिक पुढे जाते. तेवढ्या उशिराने रेखाटलेला बाण भलत्याच फाट्याकडे बोट दाखवू शकतो, आणि असा बाण नसलेलाच बरा. पादचाऱ्याभोवती चौकट काढणाऱ्या यंत्रणेत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे चौकट न पडलेल्या पादचाऱ्याकडे होणारे दुर्लक्ष.

चाचणीनंतर चालकाला डिस्प्ले आवडला का, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. वाटेत कोण आडवे आले, कोणता फलक लागला, मागून कोणती गाडी पुढे गेली, हे त्याला विचारावे. आणि हेच प्रश्न डिस्प्ले बंद ठेवून गाडी चालवलेल्यांनाही विचारून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत.