थेटफर्डचे टेकाड

रविवार, रात्र

केंब्रिजहून आगगाडीने नॉरफकमधल्या थेटफर्डला जाऊन आज तिथला नॉर्मन कोट, म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी बांधलेला कोट, पाहून आले. पाहण्यासारखी भिंत एकही नाही. ह्यू बिगॉड या सरदाराच्या बंडाच्या वेळी, ११७३ मध्ये, राजा दुसऱ्या हेन्रीने हा कोट पाडला. लाकडी बांधकाम केव्हाच नाहीसे झाले आणि उरले ते सुमारे २० मीटर उंचीचे, गवताने झाकलेले टेकाड, त्याभोवतीचा खंदक आणि उत्तरेकडची मातीची दुहेरी तटबंदी. ही तटबंदी नॉर्मनांच्याही कितीतरी आधीची, लोहयुगातली आहे. त्यांनी ती आयती वापरली.

सह्याद्रीत डोंगर आधीपासून उभा असतो आणि त्याच्या कातळाचा आधार घेऊन गड बांधला जातो, हेच लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे सपाट मुलखात डोंगरच माणसांनी रचला ही गोष्ट पायऱ्या चढतानाही मनाला पटत नव्हती. खंदक खणायचा, निघालेली चुनखडी आणि माती मध्ये टाकत उंच करायची, माथ्यावर मेढेकोट आणि टेहळणीचा मनोरा उभारायचा, पायथ्याच्या आवारात शिबंदी, घोडे आणि धान्य ठेवायचे, अशी ही रीत. एवढ्या मोठ्या टेकाडाला सुमारे २४,००० मनुष्यदिवस लागले असावेत, असा अंदाज आहे. म्हणजे दोनशे माणसे रोज राबली तरी चार महिने. ती माणसे बहुतेक आसपासच्या गावांतली, जिंकलेली आणि वेठीला धरलेली असणार. नॉर्मनांनी देशभर कोट बांधून गोरगरिबांना छळले, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत १०६६ च्या वृत्तांतातच आहे. आपल्यावर नजर ठेवणारी उंची आपल्याच हातांनी रचावी लागली, याचे दुःख मला माथ्यावर उभी असताना फार जाणवले.

याच गावात १७३७ मध्ये थॉमस पेन जन्मले. माणसाच्या हक्कांविषयीच्या त्यांच्या लेखनाने पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांना घडवले, त्यामुळे त्यांच्या सोनेरी पुतळ्यापाशीही मी बराच वेळ थांबले होते. लहानपणी पेनही या टेकाडावर खेळले असतील, असे मला सारखे वाटत राहिले.

उतरल्यावर खंदकाच्या तळाशी जाऊन वर पाहिले. एका ठिकाणी गवत झिजून खालची पांढरी चुनखडी उघडी पडली होती. तिच्यावर हात ठेवला. ती थंड आणि ओलसर होती.