तुम्ही विचारलंत म्हणून: आपली कोळंबी अमेरिकेत जात नाही, तरी भाव का पडतो?

रत्नागिरीत मासळी, काजू, आंबा अशा धंद्यांचे हिशेब बघते, त्यामुळे हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. "कर अमेरिकेने लावला. आमचा माल तिकडे जात नाही. मग आमचा भाव का पडतो आणि एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला महिन्याचा हप्ता, लाल का दिसते?"

प्रश्न रास्त आहे. समुद्रात पकडलेल्या भारतीय कोळंबीला अमेरिकेचा दरवाजा २०१९ पासून बंद आहे, कारण आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांत कासवाला निसटायची सोय नसते. तिकडे जाते ती तळ्यात वाढवलेली वेनामी जातीची कोळंबी, मुख्यतः आंध्रची. २७ ऑगस्ट २०२५ पासून फेब्रुवारी २०२६ पर्यंत तिच्यावर ५० टक्के आयातशुल्क होतं. आधीची अँटी-डम्पिंग (फार स्वस्तात विकण्याविरुद्धची) आणि सबसिडीविरोधी शुल्कं धरून बेरीज ५८ टक्क्यांवर गेली. स्पर्धक इक्वेडोरला तेव्हा १५ टक्के होतं. मग अडलेला माल कुठे जाणार? काही चीन-युरोपकडे वळतो, काही देशातच मिळेल त्या भावाला खपवावा लागतो. मुंबई-पुण्याच्या ज्या बाजारात ही वेनामी उतरते, तिथेच रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराची कोळंबीही जाते. घेणारा दोन्ही भाव ऐकतो आणि आपल्याला कमी सांगतो.

आंबेवाल्यांना हे नवीन नाही. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, आपला आंबा थांबवला होता. तिकडे जायच्या पेट्या वाशीत उतरायला लागल्यावर युरोपचं तोंडही न पाहिलेल्या बागायतदाराला त्याची चिंता लागली.

माझं स्पष्ट मत आहे की कराच्या आकड्यापेक्षा तो सारखा बदलण्याने जास्त नुकसान होतं. २०२५ मध्येच बघा: २ एप्रिलला भारतावर २६ टक्के जाहीर, आठवड्याभरात ९० दिवसांची स्थगिती, ७ ऑगस्टला २५ टक्के, २७ ऑगस्टला ५०. आधी निघालेल्या मालाला सवलत होती, पण तो १७ सप्टेंबरच्या आत तिकडे उतरवून सोडवायला हवा होता. न्हावा-शेव्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पोचायला बोटीला महिनाभर लागतो! म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात निघालेला कंटेनर समुद्रात असतानाच तोट्यात गेला. कराचा दर ठरलेला असेल तर व्यापारी भाव बांधतो, दुसरं गिऱ्हाईक शोधतो. दर कधीही हलणार असेल तर तो ऑर्डरच घेत नाही.

आता एसआयपीचं. निर्यात घटणार अशी धास्ती बसली की परदेशी गुंतवणूकदार भारतासारख्या उगवत्या बाजारांतून पैसा आधी काढतात. ७ एप्रिल २०२५ ला सेन्सेक्स एका दिवसात २,२०० अंशांहून अधिक कोसळला. त्या वर्षात या परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर बाजारातून निव्वळ दीड लाख कोटी रुपयांहून जास्त काढले. शेअर विकून आलेल्या रुपयांचे ते डॉलर घेतात, म्हणून रुपया घसरतो: मे महिन्यात ८५ च्या आसपास असलेला डॉलर डिसेंबरात ९० पार गेला. बाजार त्यामानाने टिकला तो तुमच्यासारख्यांच्या हप्त्यांवर. दर महिन्याला २५ हजार कोटींहून जास्त पैसे एसआयपीतून येत होते. म्हणून लाल आकडा बघून हप्ता बंद करू नका, असं मी सगळ्यांना सांगते.

"रुपया पडला तर निर्यातदाराचं भलंच की," असंही कुणी म्हणतं. अर्धंच खरं आहे ते. सिंधुदुर्गातला जो काजू कारखानदार स्थानिक बी पुरत नाही म्हणून आफ्रिकेतून मागवतो, तो पैसे डॉलरमध्ये मोजतो आणि गर विकतो रुपयात. कच्चं तेलही डॉलरमध्येच येतं, आणि ट्रॉलर डिझेलशिवाय बंदराबाहेर पडत नाही.

सगळ्यात आधी भरडल्या जातात त्या मासळी साफ करणाऱ्या बायका. पहाटे हातमोजे, गमबूट घालून बर्फाच्या पाण्यात उभ्या राहतात आणि किलोवर पैसे मिळवतात. माल थांबला की मुकादमाचा फोन येतो, "उद्या येऊ नका." कामावरून काढल्याची नोंद कुठेच होत नाही, कारण नेमल्याचीच नसते.

निर्यातदारांसाठी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये सवलती दिल्या. फटका बसलेल्या क्षेत्रांच्या कर्जहप्त्यांना डिसेंबरअखेरपर्यंत स्थगिती, निर्यात कर्जाची मुदत ४५० दिवसांपर्यंत. चांगलं झालं, त्या कागदांवर मीही काम केलं. पण त्यातली एकही सवलत या बायकांच्या नावावर नव्हती. बचतगटाचा हप्ता त्यांना ठरल्या तारखेला भरावा लागतो, काम असो वा नसो. पुढच्या वेळी मदत जाहीर होईल तेव्हा किलोवर काम करणारीची बुडालेली मजुरीही त्यात मोजली जावी, एवढं मागणं प्रत्येक बैठकीत मी मांडते आहे.