एलियटने नकार दिला ते बरे झाले

रविवार, रात्री उशिरा

मायकेल टिपेट या इंग्लिश संगीतकाराचा ‘अ चाइल्ड ऑफ अवर टाइम’ हा ऑरेटोरिओ, म्हणजे समूह, एकल गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची अभिनयाविना गायली जाणारी दीर्घ रचना, आज पुन्हा सलग ऐकला. नोव्हेंबर १९३८ मध्ये हर्शेल ग्रिन्श्पान या सतरा वर्षांच्या ज्यू मुलाने पॅरिसमध्ये एका जर्मन राजनैतिक अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या आणि त्याचे निमित्त करून नाझींनी जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने व प्रार्थनास्थळे उद्ध्वस्त केली. या घटनेने हादरलेल्या टिपेटने कवी टी. एस. एलियटकडे या रचनेसाठी संहिता मागितली. एलियटने आधी सविस्तर आराखडा मागवून घेतला आणि तो पाहिल्यावर ‘तुम्हीच लिहा’ असा सल्ला दिला. कवीच्या ओळी स्वतःकडेच लक्ष ओढून घेतील आणि संगीताला वाव उरणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. टिपेटने स्वतः लिहिलेले शब्द थोर काव्य नव्हेत, काही ठिकाणी तर ते चक्क बोजड आहेत. तरीही एलियटने अंग काढून घेतले ते बरेच झाले, असे मला दर वेळी वाटते.

कारण त्या मोकळ्या राहिलेल्या जागेतच स्पिरिच्युअल्स, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांची भक्तिगीते, येतात. संगीतकार बाखच्या पॅशनमध्ये, म्हणजे येशूच्या यातना सांगणाऱ्या रचनेत, कथा मधूनमधून थांबते आणि सर्वांच्या ओळखीची भजने समूह गातो. तशी, पण कोणत्याही एका पंथाची न वाटणारी गाणी टिपेटला हवी होती. रेडिओवर एक स्पिरिच्युअल कानी पडले आणि तशी पाच गाणी त्याने या कृतीत ओवली. पहिले येते ते ‘स्टील अवे’. त्याआधी सोप्रानो, म्हणजे उंच स्वराची गायिका, विचारते की, अशा विध्वंसाच्या काळात मी आई तरी कशी होऊ? प्रश्न संपतो, पण तिचा स्वर संपत नाही. तो वर तरंगत असतानाच खालून समूह गाणे उचलतो आणि काही क्षण दोन्ही एकत्र ऐकू येतात. तिला उत्तर मिळत नाही, सोबत मिळते. या कृतीतली आशा मला तिथे सापडते, कुठल्याही दिलासा देणाऱ्या वाक्यात नव्हे. समूहगायनातली एक साधी युक्ती इथे फार मोठे काम करते: लांब ओळीत सगळे गायक एकदम श्वास घेत नाहीत, शेजारचा गात असताना आपण घ्यायचा, म्हणजे ओळ तुटत नाही.

ही गाणी रंगमंचावर आली त्यालाही इतिहास आहे. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १८७१ मध्ये पैसे उभारायला तिथल्या विद्यार्थ्यांचे गायक-पथक दौऱ्यावर निघाले. त्यांतले बहुतेक जण गुलामगिरीतच जन्मलेले होते आणि आईवडिलांची ही खासगी, पवित्र गाणी परक्यांसमोर गायला त्यांना आरंभी संकोच वाटत होता. १८७३ मध्ये हे पथक इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर गायले. त्याच वर्षी इकडे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. दोहोंचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण दोन्ही साले मनात शेजारी ठेवून ऐकले की टिपेटच्या पाच गाण्यांपैकी ‘गो डाउन, मोझेस’मधली ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ ही ताकीद परकी राहत नाही.

कवितेने संगीतासाठी जागा सोडावी हे खरे, पण थोर कविता समूहाला जड जाते असे मात्र नाही. मार्गारेट बॉन्ड्स ही शिकागोची कृष्णवर्णीय विद्यार्थिनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत होती. तिथे वर्गात बसायला परवानगी होती, वसतिगृहात राहायला नव्हती. त्या दिवसांत ग्रंथालयात तिला लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीची नद्यांवरची कविता सापडली. ह्यूजने ती मिसिसिपी ओलांडताना आगगाडीत लिहिली होती आणि १९२१ मध्ये ती छापून आली. युफ्रेटिस, काँगो, नाइल, मिसिसिपी अशा नद्यांतून एका समाजाचे वय सांगणाऱ्या त्या कवितेने आपल्याला आधार दिला, असे बॉन्ड्सने पुढे सांगितले आणि तिला चालही लावली. ‘डीप रिव्हर’ या स्पिरिच्युअलमधली जॉर्डन नदी अजून ओलांडायची आहे. ह्यूजच्या नद्या मात्र पाहून झालेल्या, ओळखीच्या आहेत. ते गाणे आणि बॉन्ड्सची ही रचना पाठोपाठ ऐकली म्हणजे वाट पाहणे आणि टिकून राहणे, या दोन्हींना आशा का म्हणतात ते कळते.

अलीकडे बऱ्याच कार्यक्रमांत स्पिरिच्युअल शेवटी, टाळ्यांच्या ठेक्यावर, जलद लयीत गाऊन श्रोत्यांना खुशीत घरी पाठवण्याची पद्धत पडली आहे. मला ती खटकते. टिपेटनेही ‘डीप रिव्हर’ शेवटीच ठेवले आहे. पण तिथवर येण्यासाठी तो श्रोत्याला दहशतीतून, तुरुंगातल्या मुलाच्या एकटेपणातून आणि आपल्यातली सावली व उजेड दोन्ही ओळखण्याच्या कबुलीतून नेतो. हे सगळे वगळून नुसते ते शेवटचे गाणे लावायचा मोह मला आजही झाला होता, वेळ वाचला असता. पण तसे ऐकले की ते फक्त गोड वाटते.