ऑइल खाणारे इंजिन खोलण्याआधी

दोन लाख किलोमीटरच्या उंबरठ्यावर आलेली आमची पेट्रोल हॅचबॅक हजार किलोमीटरमागे जवळपास अर्धा लिटर ऑइल संपवू लागली, तेव्हा कोल्हापुरातल्या आमच्या मेस्त्रींनी ऑइलची पट्टी पुसता पुसताच निकाल देऊन टाकला: "रिंगा गेल्यात साहेब, हाफ इंजिन करून टाकूया." हाफ इंजिन म्हणजे हेड, अर्थात इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचे, पिस्टन बाहेर काढायचे आणि त्यांच्यावरच्या रिंगा, वॉल्व्ह, पॅकिंग असे सगळे नव्याने करायचे. कधी कधी ते करावेच लागते. मात्र ऑइल नेमक्या कोणत्या वाटेने जात आहे हे न शोधता इंजिन खोलायला माझा ठाम विरोध आहे, कारण त्या वाटांपैकी निम्म्याहून अधिक वाटा इंजिन न खोलता बंद करता येतात.

मुळात थोडे ऑइल जळणे हा दोष नव्हे. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहिलाच पाहिजे आणि त्यातला काही अंश प्रत्येक स्फोटाबरोबर जळणारच. टोयोटाच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये १००० किलोमीटरला १ लिटर, तर फोक्सवॅगनच्या पुस्तिकांमध्ये ०.५ लिटर अशी कमाल मर्यादा छापलेली असते. कंपन्यांनी स्वतःच्या सोयीने ही मर्यादा जरा सैल ठेवली आहे असे माझे मत आहे. एक साधा हिशेब करून पाहावा. लहान पेट्रोल इंजिनात साधारण तीन लिटरच्या आसपास ऑइल मावते आणि पट्टीवरच्या वरच्या व खालच्या खुणांमध्ये बहुधा एक लिटरच्या आतबाहेरचे अंतर असते. हजाराला अर्धा लिटर या दराने दोन हजार किलोमीटरमध्येच पातळी खालच्या खुणेवर येते. म्हणजे दहा हजारांची सर्व्हिस होईपर्यंत बॉनेट न उघडणाऱ्या मालकाचे इंजिन त्याच्या खूप आधी कोरडे पडेल. डॅशबोर्डवरचा लाल दिवा या बाबतीत उपयोगी पडत नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो ऑइलची पातळी नव्हे तर दाब दाखवतो. दाब पडून तो लागेपर्यंत बेअरिंगांचे नुकसान सुरू झालेले असते.

म्हणून पहिले काम मोजणीचे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑइल चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, उतरते. मग पट्टी पुसून पुन्हा घालून पाहावी, आणि वरच्या खुणेपर्यंत भरण्यासाठी किती ऑइल लागले ते मापाच्या भांड्याने मोजून किलोमीटरच्या आकड्यासह लिहून ठेवावे. वरच्या खुणेच्या पुढे मात्र कधीही भरू नये. जास्तीचे ऑइल क्रँकच्या फटकाऱ्याने घुसळले जाते, त्याचा फेस आणि तुषार ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर नेणाऱ्या नळीतून, इनटेककडे, इंजिनाच्या हवा ओढण्याच्या वाटेकडे, जातात आणि खप कमी होण्याऐवजी वाढतो. मोजणीत आणखी एक फसवणूक होते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरते तापत नाही, थोडे पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि पट्टीवरची पातळी जिथल्या तिथे दिसते. मग एखाद्या लांबच्या प्रवासात ते पेट्रोल उडून जाते, पातळी एकदम खाली येते आणि "मुंबईच्या फेरीत गाडीने ऑइल प्यायले" असा समज होतो. त्यामुळे एका फेरीवरून अनुमान काढू नये.

त्यानंतर बाहेरची गळती पाहावी. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवणे ही जुनी युक्ती चांगली आहे, पण अपुरी आहे, कारण काही गळती इंजिन चालू असताना, दाबाखालीच होते. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपणारे ऑइल एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडून तिथेच जळते; जमिनीवर थेंबही पडत नाही, फक्त सिग्नलला उभे राहिल्यावर करपट वास येतो. इंजिन बाहेरून धुऊन कोरडे करावे आणि काही दिवसांनी टॉर्च घेऊन फिल्टरचे बूड, ड्रेन बोल्टचा वॉशर, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील आणि टॅपेट कव्हरची कड हे सगळे बघावे.

बाहेर काही सापडले नाही, तर ऑइल आतच जळत आहे हे उघड आहे, आणि ते कुठून आत येते याची पहिली खूण धूर देतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताच निळसर धुराचा एक झोत येऊन काही सेकंदांत थांबत असेल, तर संशय वॉल्व्ह सीलवर घ्यावा. रात्री सीलमधून झिरपून वॉल्व्हच्या दांड्यांवरून खाली उतरलेले ऑइल त्या वेळी जळत असते. दुसरी चाचणी घाटात आपोआप होते. मलकापूर सोडून आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इनटेकमध्ये जोराची ओढ तयार होते आणि सैल सीलमधून ऑइल आत खेचले जाते. खाली साखरप्याकडे रस्ता सरळ होऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की साठलेले ऑइल एकदम जळून आरशात निळा ढग दिसतो. याउलट चढावर, भार असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, यांच्याकडे पाहावे. एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांमध्ये थोडा धूर आतच जिरतो, त्यामुळे धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही असे म्हणता येत नाही.

आता मेस्त्रींच्या निकालाकडे वळतो. त्यांनी चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडले, आतून फुसफुस वाफारा आला आणि "बॅक मारतंय" असे म्हणून त्यांनी रिंगांवर ठपका ठेवला. बॅक कॉम्प्रेशन म्हणजे रिंगांना चुकवून ज्वलनकक्षातला वायू खाली चेंबरमध्ये उतरणे. तो थोडा प्रत्येक इंजिनात उतरतोच, आणि तो बाहेर काढून पुन्हा इनटेकमध्ये सोडण्यासाठी टॅपेट कव्हरवर किंवा त्याच्या आसपास पीसीव्ही नावाचा एक लहान वॉल्व्ह आणि ब्रीदरची नळी असते. हा वॉल्व्ह काजळीने बंद अवस्थेत चिकटला, तर रिंगा ठणठणीत असूनही वायूला वाट उरत नाही, चेंबरमध्ये दाब साठतो आणि झाकण उघडल्यावर नेमका तसाच वाफारा येतो. तो दाब ऑइलला सीलांमधून बाहेर आणि रिंगांवरून वर ढकलतो. वॉल्व्ह उघड्या अवस्थेत अडकला तर उलटे होते: इनटेकची ओढ चेंबरमधले ऑइलचे तुषार थेट शोषून घेते. दोन्ही प्रकारांत ऑइल जाते आणि दोन्ही प्रकारांत रिंगांचा काही संबंध नसतो. ब्रीदर न तपासता झाकणावरून केलेले निदान म्हणूनच मला मान्य नाही.

तपासणी मात्र अगदी सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवून पीसीव्ही नळीसकट कव्हरमधून उपसावा आणि त्याच्या तोंडावर अंगठा ठेवावा. ओढ जाणवली पाहिजे. मग इंजिन बंद करून वॉल्व्ह सुटा काढून कानाजवळ हलवावा. आतला खिळा खुळखुळला पाहिजे. आमच्या गाडीतल्या वॉल्व्हचा आवाजच आला नाही. तो पालथा केला तर तोंडाशी काळा, डिंकासारखा चिकट थर होता आणि आतला खिळा टाचणीने ढकलूनही जागचा हलत नव्हता. ब्रीदरची नळी उष्णतेने इतकी कडक झाली होती की काढताना वळणाच्या जागी तडकली. दोन्ही भाग नवे बसवले, टॅपेट कव्हर उतरवून त्याच्या आतल्या पडद्यामागचा गाळ धुतला आणि कव्हरचे पॅकिंग बदलले. एवढ्यावर खप हजाराला अर्ध्या लिटरवरून तीनशे मिलीच्या आसपास आला, आणि हा सगळा खर्च हाफ इंजिनाच्या खर्चापुढे किरकोळ होता.

पुढची पायरी कॉम्प्रेशन टेस्टची. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. मग ज्याचा आकडा कमी आला त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचा. ऑइल घातल्यावर आकडा लक्षणीय वाढला तर गळती रिंगांतून होते, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगमधून. या चाचणीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ती वरच्या दोन कॉम्प्रेशन रिंगांची परीक्षा घेते, तिसऱ्या, म्हणजे ऑइल रिंगेची नाही. भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून पिस्टनच्या भोकांवाटे खाली पाठवण्याचे काम ही तिसरी रिंग करते. ती काजळीने खाचेत घट्ट बसली किंवा ती भोके बुजली, तर कॉम्प्रेशन उत्तम असूनही इंजिन ऑइल खात राहते. प्लग काढलेच आहेत तर त्यांची टोकेही पाहावीत: ज्या सिलिंडरचा प्लग ओलसर, काळा आणि बाकीचे कोरडे, तिथेच शोध घ्यावा.

आमच्याकडे चारही आकडे जवळजवळ सारखे आले आणि सकाळचा धूर कायम राहिला, म्हणून वॉल्व्ह सील बदलायचे ठरवले. यासाठी हेड उतरवावे लागते असा सार्वत्रिक समज आहे, पण अनेक इंजिनांत ते हेड जागेवर ठेवूनही होते. टायमिंगच्या खुणा करून कॅमशाफ्ट काढायचे, ज्या सिलिंडरवर काम आहे त्याचा पिस्टन वर आणायचा आणि वॉल्व्ह आत पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून ठेवायची. हवेची सोय नसेल तर जुने मेस्त्री त्याच भोकातून मऊ सुती दोरी आत सोडतात आणि पिस्टन हाताने वर चढवून दोरीच्या गुंडाळीवर वॉल्व्ह टेकवतात. मग स्प्रिंग दाबायची, स्प्रिंग धरून ठेवणारे दोन्ही लॉक चुंबकाने उचलायचे, सील उपटायचे आणि नवे ठोकायचे. त्याआधी हेडवरच्या ऑइल उतरण्याच्या भोकांत चिंध्या कोंबायला विसरू नये. नखाएवढा लॉक तिथून चेंबरमध्ये गेला तर चेंबर खोलावा लागतो. काढलेले सील बोटांत दाबले तर रबराचे लक्षण उरलेले नव्हते, कडेचे तुकडे पडत होते. नवे घेताना साध्या नायट्राइल रबरापेक्षा व्हायटॉन रबराचे मिळत असतील तर तेच घ्यावेत, ते उष्णतेत जास्त टिकतात. यानंतर सकाळचा धूर थांबला आणि खप हजाराला दीडशे मिलीवर आला.

चिकटलेल्या ऑइल रिंगा मोकळ्या करण्यासाठी प्लगच्या भोकांतून क्लीनर ओतून पिस्टन भिजत ठेवण्याचा प्रयोग बरेच जण करतात. मीही केला, आमच्या गाडीत त्याने म्हणावा तसा फरक पडला नाही, पण जिथे काजळीच मुख्य कारण आहे तिथे त्याने फायदा होतो. पथ्य एकच आणि ते कडक आहे: भिजवून झाल्यावर प्लग बसवण्याआधी, भोकांवर फडके धरून इंजिन स्टार्टरने फिरवून सगळा द्रव बाहेर काढावा आणि ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नये. द्रव दाबला जात नाही. तो सिलिंडरमध्ये राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइलमध्ये टाकायच्या जोरकस फ्लशपासून गाळाने भरलेल्या जुन्या इंजिनाला मी दूरच ठेवतो, कारण सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा चांगले ऑइल वापरून ते पाच हजारांवर बदलत राहणे हा संथ, पण सुरक्षित उपाय आहे.

ऑइलच्या जाडीबद्दल आपल्याकडे एकच ठरलेला सल्ला मिळतो: २०डब्ल्यू-५० टाका, खाणे बंद होईल. नावातला शेवटचा आकडा म्हणजे गरम ऑइलच्या जाडीचा ग्रेड. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या ऑइलची जाडी (व्हिस्कॉसिटी) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असते, ५० ग्रेडची १६.३ च्या पुढे. इतकी मोठी उडी घेतली तर ३० ग्रेडसाठी घडवलेल्या इंजिनातल्या व्हीव्हीटीच्या, म्हणजे वॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या, बारीक वाटांमधून ऑइल वेळेवर पोहोचत नाही, आणि बुजलेल्या ऑइल रिंगेतून जाड ऑइल उलट आणखी हळू खाली उतरते. पुस्तिकेत परवानगी असेल तर एकच पायरी वर जावे, ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० वर. जाडीइतकाच, किंबहुना अधिक, मी ऑइल किती उडते याकडे पाहतो. नोआक नावाच्या चाचणीत ऑइल २५० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवून किती टक्के उडाले ते मोजतात. अमेरिकेतल्या एपीआय संस्थेच्या एसएन दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, युरोपातल्या वाहन कंपन्यांच्या एसीईए संघटनेच्या ए३/बी४ दर्जाला १३ टक्क्यांपर्यंतच. काही कंपन्या हा आकडा माहितीपत्रकात छापतात. तो कमी असलेले ऑइल हायवेवर कमी उडते. आणि ऑइल कितीही उत्तम असले तरी ते भरवशाच्या दुकानातूनच घ्यावे, कारण सील तोडलेल्या जुन्या डब्यांत भरलेले डुप्लिकेट ऑइल हा आपल्या बाजारातला जुना रोग आहे.

हे सगळे करूनही हजाराला अर्ध्या लिटरच्या वर खप राहिला, ऑइल घातल्यावर कॉम्प्रेशनचा आकडा चढला, चढावर निळा धूर येत राहिला, तर मात्र टाळाटाळ करण्यात अर्थ नाही. ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो, आणि पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला धूर सोडणारी गाडी नेण्यात हशील नाही. अशा वेळी नुसत्या रिंगा बदलून समाधान मानू नये. बोअर मोजून घ्यावेत. ते अंडाकृती झिजले असतील तर नव्या रिंगाही काही महिन्यांत तेच करतील. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग (बोअर कापून मोठा करणे) आणि होनिंग (त्याची भिंत घासून तयार करणे) करणारे लेथवाले गल्लोगल्ली आहेत, त्यांच्याकडून आधी माप घ्यावे आणि मगच ओव्हरसाइज पिस्टन मागवावेत. होनिंगनंतर भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. आरशासारखी गुळगुळीत भिंत ऑइल धरत नाही आणि तिच्यावर नव्या रिंगा बसतही नाहीत.

आमच्या गाडीवर ती वेळ आलेली नाही. हजाराला दीडशे मिली हा आकडा मी आणखी खाली आणण्याच्या मागे लागलेलो नाही, कारण उरलेला खप बहुधा रिंगांच्या खऱ्याखुऱ्या झिजेचा आहे आणि तेवढ्या ऑइलची वर्षाची किंमत पॅकिंग सेटपेक्षाही कमी भरते. डिकीत त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा असतो, आणि पेट्रोल भरायला थांबलो की गाडी बाजूला घेऊन, थोडे थांबून पट्टी पाहतो.