दुसरा रिमोट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुणवत्ता यादी, वक्तृत्वाची ढाल आणि आंतरशालेय खो-खो यांविषयी लिहिणारी मंडळी पुष्कळ असतील, आणि ती असावीतही. माझ्याकडे यांपैकी काहीच नाही. २००१ साली दहावी झालेल्या आमच्या तुकडीत माझी ओळख ‘व्हिडिओ गेमवाला’ अशी होती, आणि आज चाळिशी ओलांडून, दोन मुलांचा बाप होऊन, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करत असतानाही ती फारशी बदललेली नाही. (कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. शाळेत हुकलेली गुणवत्ता अशी उशिरा का होईना नावापुढे लागली.) या नादाला एकलकोंडेपणाचा नाद म्हणणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे. ते इथे मांडण्याचे कारण एवढेच, की खेळांनी मला जी माणसे मिळवून दिली त्यांतली बरीचशी याच शाळेच्या बाकांवर बसलेली होती.

वडील नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये होते. मी पाचवीत असताना दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला. १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या एका यंत्राची ती स्वस्त नक्कल होती, हे मला फार पुढे कळले. खोक्यात दोन रिमोट होते, आणि दुसरा रिमोट धरायला कोणीतरी लागतेच. शनिवारी शाळा सकाळची असे. ती सुटली की चार-पाच जण दप्तरासकट आमच्या घरी येत आणि दोन रिमोटांसाठी रांग लागे. मेला की रिमोट सोडायचा, हा नियम. ज्याच्या हाती रिमोट नसे तो मागून सूचना देई. प्रत्यक्ष खेळणाऱ्यापेक्षा मागे बसलेल्याला नेहमीच जास्त कळते, हा अनुभव पुढे मला क्रिकेटमध्ये, राजकारणात आणि कारखान्यातल्या बैठकांमध्येही येत राहिला.

सोबतच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले होते. बोगस पटसंख्या दाखवणाऱ्या शाळेसारखा तो प्रकार होता: हजेरीपटावर नावे भरमसाट आणि वर्गात मुले मूठभर. तोच मारिओ कुठे तिसऱ्या टप्प्यापासून, कुठे पाचव्यापासून सुरू होई आणि प्रत्येक वेळी नवा क्रमांक घेऊन बसे. त्या गर्दीत आमच्या वर्गाने एकमताने निवडलेला खेळ म्हणजे कॉन्ट्रा, कारण तो दोघांना एकाच वेळी, एकाच बाजूने खेळता येत असे. त्यातला धबधब्याचा टप्पा माझ्या मते मैत्रीची सर्वांत कठोर परीक्षा आहे. तिथे पडदा वर सरकतो तो पुढे गेलेल्याच्या चालीने. त्यामुळे एकाने घाई केली की खाली राहिलेला पडद्याबाहेर जातो आणि गोळी न लागताच मरतो. या टप्प्यावरून आमच्यात झालेली भांडणे सोमवारच्या प्रार्थनेपर्यंत मिटलेली नसत.

तीन जिवांत हा खेळ संपवणे आमच्या आवाक्यातले नव्हते. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए असे दाबले की तीस जीव मिळतात, ही माहिती कोणी तरी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून वर्गात फिरवली, आणि पाढ्यांवर अडखळणारी मुलेही ती घडाघडा म्हणू लागली. हा क्रम मुळात १९८६ च्या दुसऱ्याच एका खेळासाठी काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रॅमरने घातला होता, कारण तो खेळ तपासायला बसल्यावर त्याला स्वतःलाच जमेना. २०२० साली हाशिमोतो वारल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावर दोघा-तिघांनी श्रद्धांजली म्हणून नुसते बाण टाकले होते.

खेळाबरोबर एक प्लॅस्टिकची बंदूक होती, आणि तिच्यामुळे आमचे विज्ञान थोडे पक्के झाले. पडद्यावर बदके उडायची, आपण सोफ्यावरून चाप ओढायचा, आणि नेम लागला तर बदक पडायचे. टीव्हीत गोळी शिरत नाही एवढे आम्हालाही कळत होते. मग त्याला कळते कसे? आठवीत प्रकाशाचा धडा चालू असताना एकाने हा प्रश्न सरांना विचारला. सरांनी तो गेम पाहिलेला नव्हता. रागावतील असे वाटले होते, परंतु त्यांनी फळ्यावर टीव्ही आणि बंदूक यांची आकृती काढली, टीव्हीकडून बंदुकीकडे बाण दाखवला आणि म्हणाले, “बंदूक काही सोडत नसेल, ती पाहत असेल. आज घरी ट्यूबलाइटवर नेम धरा आणि बदक पडते का ते उद्या सांगा.” बदक पडले नाही. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “म्हणजे तिला नुसता उजेड पुरत नाही. आधी काळोख आणि मग उजेड, असे काही तरी ती शोधत असणार.” त्या संध्याकाळी आम्ही पडद्याला नाक लावून बसलो, आणि चाप ओढताक्षणी पडदा निमिषभर काळा होतो व बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकून जातो, हे खरोखरच दिसले. बदके दोन असली तर चौकोनही एकामागून एक चमकतात. बंदुकीला उजेड कितव्या वेळी दिसला, यावरून कोणते बदक पडले ते ठरते. पाहिलेलेही नसलेले यंत्र निव्वळ विचाराने उलगडणारा माणूस मला नोकरीत अजून भेटायचा आहे.

शाळेच्या संगणक कक्षात चपला-बूट बाहेर काढून जावे लागे, आणि एका संगणकापुढे दोघांना बसावे लागे. शिकवायचे ते लवकर आटोपले तर प्रिन्स ऑफ पर्शिया उघडायची मुभा होती. एकाने बाणांच्या कळांवर बोटे ठेवायची आणि दुसऱ्याने शिफ्ट सांभाळायची, कारण कड्याला लोंबकळणे आणि जपून पाऊल टाकणे हे शिफ्टवाचून होत नसे. म्हणजे एका राजपुत्राचे पाय एका मुलाकडे आणि हात दुसऱ्याकडे. राजकन्येला सोडवायला खेळात साठ मिनिटे मिळत आणि आमचा तास होता पस्तीस मिनिटांचा, त्यामुळे ती बिचारी आमच्या शाळेत कधीच सुटली नाही. त्या राजपुत्राचे धावणे इतके खरे का वाटते, याचे उत्तर मोठेपणी वाचले: जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यातली एकेक चौकट गिरवून काढली. वाटाण्याचे रोप एकेका चौकटीने टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवणारे दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. तेव्हा ही चिकाटी आम्हा नाशिककरांना परकी वाटण्याचे कारण नाही.

घरच्या आघाडीवर सुरुवातीला विरोध होता. ‘डोळे जातील’ हे आईचे आणि ‘वर्ष जाईल’ हे वडिलांचे. त्या यंत्रात खेळ जतन करायची सोय नव्हती, म्हणून जेवायला हाक आली की पॉज करून टीव्हीवर कापड टाकून ठेवायचे. मग आई मिक्सर लावण्यासाठी नेमकी तीच पिन काढायची. वडिलांचे मन मात्र एका हातात मावणाऱ्या विटांच्या गेमने वळवले. प्रेसमध्ये छापील कागदावरचा बारीकसा दोष हेरण्याची सवय असलेली त्यांची नजर त्या खेळाला फारच मानवली. चार चौकोनांचे सात आकार, ते वरून पडत राहणार आणि ओळ भरली की ती नाहीशी होणार. वडील उजवीकडचा एक रकाना शेवटपर्यंत मोकळा ठेवत आणि लांब काडी आली की एकदम चार ओळी उडवत. मला तेवढा धीर धरवत नसे. पुढे त्यांनी माझ्या खेळण्याबद्दल बोलणेच सोडले, कारण बोलायला त्यांच्या हातातला गेम खाली ठेवावा लागला असता.

लॉकडाउनमध्ये आमच्या तुकडीतले चौघे, दोघे नाशिकरोडला, एक पुण्यात आणि एक दुबईत, रोज रात्री पबजीत उतरत होतो. शत्रू समोर असताना दुबईकर नेमके ‘मिसळवाले पार्सल देतात का रे?’ असे विचारी आणि पहिला मरे. त्या वर्षी २ सप्टेंबरला भारतात त्या खेळावर बंदी आली, तेव्हा आम्ही आणखी काही दिवस त्याच वेळेला नुसताच फोन लावून बसत होतो. ऑनलाइन खेळ मध्येच पॉज होत नाही, हे आईला आणि बायकोला समजावणे मात्र मला आजतागायत जमलेले नाही. त्याच ऑगस्टमध्ये आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखालील संघाने बुद्धिबळाच्या ऑनलाइन ऑलिम्पियाडचे सुवर्णपदक रशियासोबत संयुक्तपणे मिळवले. तो दाखला मी घरात तत्परतेने दिला. “तो जिंकतो,” एवढेच आई म्हणाली.

मुलगी सध्या सातवीत आहे आणि तिचा खेळ माइनक्राफ्ट. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने त्यात आमची शाळा बांधायला घेतली. आजची तीन मजली नव्हे, तर आमच्या वेळची कौलारू, बैठी शाळा. त्या खेळात प्रत्येक ठोकळा एक मीटरचा असतो, त्यामुळे तिला मोजमापे हवी होती, आणि माझ्या लक्षात आले की ज्या व्हरांड्यात मी कित्येकदा अंगठे धरून उभा राहिलो त्याची रुंदी मला सांगता येत नाही. तुकडीच्या गटावर विचारले आणि दोन दिवस दुसरा विषय निघाला नाही. आमच्यातल्या एका ठेकेदाराने वर्गखोलीची मापे फुटांत दिली. मुलीने ती मीटरमध्ये करून घेतली, तेव्हा खोली एका ठोकळ्याने मोठी की लहान यावर मत देण्यासाठी वर्षानुवर्षे गप्प असलेले सभासदही बोलू लागले. पाण्याच्या टाकीला नळ सहा होते की आठ, हा वाद अजून मिटलेला नाही. मुलीने हौसेने पिवळीधमक घंटा टांगली होती. ती काढायला लावून तिथे राखाडी ठोकळा लावला, कारण आपली घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता आणि तो मुख्याध्यापकांच्या दाराच्या डावीकडे होता. (उजवीकडे म्हणणारे तिघे आहेत. ते मागच्या बाकावरचे, त्यांचा मुख्याध्यापकांच्या दाराशी माझ्यापेक्षा अधिक संबंध आला, हे मान्य आहे.) खेळात चिंचेचे झाड मिळत नाही, म्हणून जंगली झाडावर भागवले. त्या जगात अख्खा दिवस आणि रात्र मिळून वीस मिनिटांत उरकते, त्यामुळे मी मैदानाच्या कुंपणाचा विचार करतो आहे तोवर अंधार पडायचा आणि मुलगी म्हणायची, “बाबा, तुमची शाळा सुटली.” धाकटा तिसरीत आहे. त्याने एकदा शिक्षकांच्या खोलीत कोंबड्या सोडल्या. त्या काढल्या आहेत.

महोत्सवाच्या प्रदर्शनात आमच्या तुकडीला एक टेबल मिळाले आहे. तिथे ही ठोकळ्यांची शाळा पडद्यावर दाखवणार आहोत, आणि शेजारी माळ्यावरून काढलेला तो जुना गेम व बंदूक ठेवणार आहोत. अडॅप्टर नवा घेतला, यंत्र सुरू होते. अडचण बंदुकीची आहे. हल्लीच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटायला किंचित उशीर होतो, आणि तेवढ्यात तिची पाहण्याची वेळ टळून जाते. नेम कितीही अचूक असला तरी बदक पडत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी मागून फुगीर, काचेच्या नळीचा जुना टीव्ही चालू स्थितीत असेल, त्यांनी कृपया शाळेच्या कार्यालयात निरोप ठेवावा. नेण्या-आणण्याचा खर्च तुकडी करील. त्याच्या वजनाची कल्पना आहे, उचलायला आम्ही चौघे येऊ. दुबईकरानेही त्या आठवड्याची रजा टाकली आहे.