‘रेट जुळला नाही’ या रकान्यामागे

आम्ही यंत्रांसाठी विजेची कंट्रोल पॅनेल बनवतो. सुरुवातीची काही वर्षे विक्रीचा हिशेब म्हणजे हाती आलेल्या ऑर्डरींचा हिशेब, एवढीच आमची समजूत होती. सुटलेल्या ऑर्डरींची कोटेशने फाइलच्या तळाशी जात आणि वर्षअखेरीस रद्दीत निघत. महिन्याचा आकडा बरा असला की आमचे कौशल्य, आणि बरा नसला की बाजार मंद, असे म्हणून आम्ही मोकळे होत असू.

एका जुन्या ग्राहकाची मोठी ऑर्डर हातची गेली आणि ती का गेली हे कार्यालयात कोणालाच सांगता येईना, तेव्हा मी एक वही घातली. चौकशी कोठून आली, कोटेशन किती दिवसांत गेले, बोलणे कोणत्या टप्प्यावर थांबले, शेवटी काय झाले आणि का, एवढेच रकाने होते. सहा महिन्यांनी वही उघडली तर ‘का’ या रकान्यात एका पानावर पहिल्या ओळीत ‘रेट जुळला नाही’ असे लिहून खाली थेट तळापर्यंत ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा केलेल्या होत्या.

यात विक्री प्रतिनिधींची लबाडी होती असे मी मानत नाही. नकार देताना दराचे कारण ग्राहकाला सोयीचे असते, कारण त्यावर वाद होत नाही आणि कोणी दुखावतही नाही. प्रतिनिधीलाही ते सोयीचे, कारण दर तो ठरवत नाही, मी ठरवतो.

म्हणून निकालानंतर दोन-तीन आठवड्यांनी मी स्वतः फोन करू लागलो. तो व्यवहार ज्याने हाताळला त्याने फोन करायचा नाही, आणि ‘ऑर्डर परत मागण्यासाठी फोन केलेला नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचे, असे दोन नियम ठेवले. अशाच एका फोनवर देखभाल विभागाचे प्रमुख म्हणाले, “साहेब, ज्यांना ऑर्डर दिली त्यांचा दर तुमच्यापेक्षा जास्तच होता. पण त्यांनी कोटेशनसोबत वायरिंगचे ड्रॉइंग जोडले होते. तुमचे दोन पानी पत्र मी खरेदी समितीपुढे काय म्हणून ठेवणार?” वहीत त्या ओळीपुढे अर्थातच ‘रेट’ लिहिलेले होते. त्या दिवसापासून प्राथमिक ड्रॉइंगशिवाय आमचे कोटेशन बाहेर जात नाही.

दुसरी गोष्ट उलगडायला अधिक वेळ लागला. कित्येक ऑर्डरी आम्हालाही मिळाल्या नव्हत्या आणि स्पर्धकालाही नाही. ग्राहकाने खरेदीच पुढे ढकलली होती. अशा लटकलेल्या नोंदी आम्ही यशाच्या टक्केवारीत धरतच नसू. समजा 20 कोटेशनांपैकी 8 मिळाली, 6 सुटली आणि 6 लटकली, तर निकाल लागलेल्या 14 मधील 8 म्हणजे सुमारे 57 टक्के यश दिसते. सगळी 20 धरली तर तेच 40 टक्के होते. त्या 6 कोटेशनांवर खर्ची पडलेला इंजिनिअरचा वेळ मात्र पूर्ण असतो. आता कोटेशनला बसण्यापूर्वी ‘निधी मंजूर आहे का आणि सही कोणाची’ हे विचारले जाते. हे विचारणे आमच्या मंडळींना अजूनही जड जाते; ग्राहक नाराज होईल असे त्यांना वाटते. मला तरी तो झालेला आढळला नाही.

मिळालेल्या ऑर्डरींबद्दल विचारावे हे सर्वांत शेवटी सुचले, आणि तेथेच मला सर्वाधिक ओशाळल्यासारखे झाले. एका ग्राहकाने सहज सांगितले की, आमचा तंत्रज्ञ जुन्या पॅनेलची पाहणी करायला आला तेव्हाच त्यांचे ठरले होते. शेवटच्या बैठकीत मी मोठ्या मनाने दिलेली सूट त्यांनी मागितलीच नव्हती.

आमच्यासारख्या लहान उद्योगात वर्षभराच्या नोंदीही मोजक्याच असतात, त्यामुळे दोन-चार फोनांवरून धोरण बदलण्याचा मोह आवरावा लागतो. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या ग्राहकांकडून आल्याखेरीज आम्ही पद्धतीला हात लावत नाही. ड्रॉइंगचा निर्णय हा त्याला अपवाद, कारण ती चूक ऐकताक्षणी पटली होती.

गेल्या आठवड्यात सुटलेल्या ऑर्डरीपुढे पुन्हा ‘रेट’ असे लिहून आले. मी फोन केला. कोणते सुटे भाग महाग पडले ते ग्राहकाने एकेक करून सांगितले. ते हलक्या प्रतीचे वापरून पॅनेल देणे आम्हाला मान्य नव्हते. या वेळी कारण खरे होते, म्हणून त्या नोंदीखाली सही करून मी पान उलटले.