मॉनिटर थरथरतो तेव्हा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी लॅपटॉपला जोडलेल्या मोठ्या मॉनिटरवरचे चित्र सतत थरथरत असे आणि मध्येच क्षणभर काळे पडे. अशा वेळी लोक लगेच पॅनल (म्हणजे पडदाच) गेल्याचे धरून चालतात; माझ्या मते संशय आधी केबलवर घ्यावा. मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू उघडून पाहावा: चित्र थरथरत असताना मेन्यू स्थिर राहिला, तर पॅनल आणि बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) बहुधा शाबूत असून दोष लॅपटॉपकडून येणाऱ्या सिग्नलमध्ये असतो.

आमचा मेन्यू स्थिर होता. फोर-के (३८४० × २१६० बिंदूंचे) चित्र ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताजे करत, पूर्ण रंगांत दाखवायचे, तर एचडीएमआय या जोडणीच्या २.० आवृत्तीचा, म्हणजे १८ गिगाबिट प्रतिसेकंदापर्यंतचा वेग पेलणारी केबल लागते, जुन्या १.४ आवृत्तीमध्ये ही मर्यादा १०.२ असल्याने फोर-के ३० हर्ट्झवरच थांबते. सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (चित्र ताजे होण्याचा वेग) ३० वर आणताच थरथर थांबली, म्हणजे केबलला ६० चा भार पेलत नव्हता. मग केबल हातात घेऊन नीट पाहिली: कनेक्टरजवळ ती टेबलाच्या कडेवर काटकोनात मुडपली होती आणि तिथले आवरण पांढुरके पडले होते. तिच्याजागी ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे प्रमाणित, आखूड केबल लावल्यावर ६० हर्ट्झवरही चित्र अगदी स्थिर आहे. (गॅस-लिफ्टच्या, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या खुर्चीतून उठताना निर्माण होणाऱ्या स्थिर विद्युतभारामुळेही पडदा क्षणभर काळा होऊ शकतो, तिथेही चांगले शिल्डिंग (बाहेरचा विद्युत अडथळा रोखणारे धातूचे आवरण) असलेली केबल उपयोगी पडते.)

मेन्यूसुद्धा थरथरत असेल, तर मात्र मॉनिटरचा ॲडॉप्टर बदलून पाहावा आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे जावे.